येतो

पुण्याहून बदलून आलेला नवा डॉक्टर
लिहिता लिहिता थांबला.
म्हणाला, ही स्वतःला पुरुष समजते का?
सारखी म्हणते, मी झोपलो नाही, मी ऐकतो, मी जेवलो.
सीपीआरच्या त्या बाकावर, सहा रात्रींच्या जागरणानंतर
मला हसूच आवरेना.
म्हटलं, साहेब, मीपण असंच बोलतो.
माझी आईपण असंच बोलायची.
आमच्या कोल्हापुरात बाया अशाच बोलतात,
तेवढं एक आजारातनं वजा करा.

त्यानं खोडलं.
बाकीचं त्याला खोडता आलं नाही.

वर्षाराणी आता चौतीसची.
बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला
शेजारच्या मिक्सरमधनं तिला स्वतःचं नाव ऐकू आलं.
अगं, चटणी वाटायल्यात त्या, मी म्हटलं.
माहीत आहे, ती म्हणाली. तरी नाव माझंच आहे.
ह्यावर काय बोलायचं
ते तेरा वर्षांत मला सुचलेलं नाही.

मी चपलांच्या वेण्या घालतो.
सुभाषनगरात माझ्या हातची वेणी लांबनं ओळखतात.
पण आमच्या घरात करकरणारी चप्पल नाही.
तो आवाज माझ्या मागनं चालतो, म्हणाली होती,
आणि मी वळलो की थांबतो.
जन्म चामड्यात गेला, आणि पायात रबरी स्लीपर.
गिऱ्हाईक बघतं, हसतं.
हसू दे.

सकाळची पांढरी, रात्रीची पिवळी अर्धी.
चौतीस वर्षांच्या बाईला आ कर म्हणायचं,
जीभ उचल म्हणायचं,
आणि तिनं उचलायची.
दोघींत जास्त लाज कुणाला वाटते
ते आम्ही एकमेकींना विचारत नाही.

नणंद म्हणते, उजवून टाक, सगळं बसतंय जाग्यावर.
मी तिच्या चहात दोन चमचे साखर जास्त घातली.
तिला शुगर आहे.

आणि हेही सांगून टाकतो.
नवीन गोळी लागली तेव्हा ती अठरा तास झोपली.
मी रेडिओ लावला. ताटात वाढून घेतलं, बसून जेवलो.
इतक्यात उठू नये, असं वाटलं.
मग उठून तिच्या नाकापुढं बोट धरलं.

दोन वर्षांमागं एका संध्याकाळी
दारातनं ती म्हणाली, जातो.
आमच्यात असं कुणी म्हणत नाही.
दुकानापर्यंत जाणारं माणूसही येतो म्हणतं.
डॉक्टरनं शेवटचं अक्षर ऐकलं होतं,
ऐकायचं असतं ते पहिलं.

हातातली आरी तिथंच टाकली.
रिक्षावाल्याला काय सांगितलं आठवत नाही.
रंकाळ्याच्या कठड्यावर बसली होती,
पाय पाण्याच्या बाजूला.
तिच्या शेजारी एक पोरगं कणीस खात होतं.
मी काही न बोलता पलीकडं बसलो.
कणीस संपलं, पोरगं गेलं, दिवे लागले.
मग म्हणाली, बिनचपलाचीच आलीस.

हल्ली पिशवीतलं दूध तिला चालत नाही.
कुणी काय घातलंय कळत नाही, म्हणते.
म्हशीच्या सडातनं डोळ्यांदेखत निघालेलं तेवढंच खरं.
म्हणून किटली घेऊन रोज केएमटीनं
गंगावेशीत, दूधकट्ट्यावर.
इतक्या लांब कशाला, लोक विचारतात.
मला तर वाटतं, सगळ्या गावात
हिचीच शंका बरोबर आहे.

आत्ताच दारात थांबली होती.
मी वेणीवरनं मान उचलली नाही, मुद्दामच.
कान मात्र सगळा तिकडं.
किटलीचं झाकण वाजलं. कडी वाजली.
किती वेळ लावते ही.

येतो, म्हणाली.

ये, मी म्हटलं.
माझ्यामागं हे कोण म्हणणार, ते उद्या बघू.
पातेलं घासून पालथं ठेवलंय.
सव्वासातची बस कधीकधी उशिरा येते.